महाबळेश्वर-खंडाळ्याच्या शंभर वर्षांपूर्वीच्या नेच्यांच्या हर्बेरियम शीट कशा वाचाव्यात?

जुने_कपाट (प्रश्न)

नमस्कार. मी पश्चिम महाराष्ट्रातील एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. विभागाच्या प्रयोगशाळेचे काम निघाले तेव्हा एका सागवानी कपाटाच्या तळच्या खणात वर्तमानपत्रांत गुंडाळलेले सहा गठ्ठे मिळाले. उघडून पाहता त्यांत एकशे बेचाळीस हर्बेरियम शीट, म्हणजे वाळवलेल्या वनस्पती चिकटवलेले लेबलांसह कागद, निघाल्या. बहुतेक सर्व नेच्यांच्या म्हणजे फर्नच्या आहेत, तीन एक्विसेटमच्या म्हणजे अश्वपुच्छाच्या आहेत. लेबलांवरील वर्षे १९०९ ते १९३४ या काळातील असून स्थळे ‘माल्कम पेठ’, ‘खंडाळा’, ‘माथेरान’ अशी आहेत; काहींवर मात्र केवळ ‘बॉम्बे प्रेसिडेन्सी’ एवढेच लिहिले आहे. नावे नेफ्रोडियम मोल, किलँथिस फॅरिनोसा, अ‍ॅडियँटम लुन्युलेटम, पॉलिपोडियम क्वर्सिफोलियम अशी, म्हणजे आज आम्ही वर्गात सांगतो त्यांहून वेगळी आहेत.

आमच्या एका विद्यार्थ्याने गेल्या डिसेंबरात महाबळेश्वर परिसरातील नेच्यांची यादी प्रकल्पासाठी केली होती. त्याने या शीटवरील नावे त्या यादीशी ताडून पाहिली, तेव्हा अकरा नावे त्याला आपल्या यादीत सापडली नाहीत. या अकरा जाती शंभर वर्षांत महाबळेश्वरातून नाहीशा झाल्या असा शोधनिबंध लिहावा, असे त्याच्या मनात आहे. मुलगा कष्टाळू आहे आणि त्याचा उत्साह मोडावा असे मला वाटत नाही, पण मला धाकधूक आहे.

दुसरे असे की, काही शीटचे कागद पिवळे पडले आहेत, काहींवर राखाडी डाग आहेत, आणि पेरांपाशी तुटलेल्या अश्वपुच्छांचे तुकडे गठ्ठ्याच्या तळाशी जमले आहेत. नमुने नव्या कागदावर उतरवून जुनी लेबले काढावीत व सुधारित नावांची नवी लेबले लावावीत, असे आमच्या कार्यालयाचे म्हणणे आहे. हे योग्य आहे का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

घाटवाट

मॅडम, लेबले काढू नका. बाकीचे सारे सावकाश बोलता येईल, पण कार्यालयातून कोणी डिंक आणि कात्री घेऊन येण्याआधी हे एक वाक्य पोहोचायला हवे. नमुना आणि त्याचे मूळ लेबल यांची ताटातूट झाली की उरतो तो निव्वळ पाचोळा.

आता स्थळांविषयी. ‘माल्कम पेठ’ म्हणजे महाबळेश्वरच. गव्हर्नर जॉन माल्कम याच्या नावावरून तेथील वसाहतीला ते नाव पडले होते, तेव्हा त्या शीटबद्दल शंका नाही. ‘बॉम्बे’ किंवा ‘बॉम्बे प्रेसिडेन्सी’ या शब्दांवर मात्र जरा थांबावे लागते. आपल्या शीटच्या काळात मुंबई इलाख्यात सिंध होता आणि तो १९३६ साली वेगळा झाला. उत्तर कानडा जिल्हा १८६२ साली मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत म्हैसूरकडे गेला. म्हणजे कारवार, गेरसप्पा, यल्लापूर येथील सदाहरित जंगलांतील नेचे त्या काळी ‘मुंबईचे’ नेचे होते. फादर ब्लॅटर आणि डी’आल्मेडा यांचे मुंबईच्या नेच्यांवरील पुस्तक १९२२ साली निघाले. त्याच्या शीर्षकातील मुंबईही इलाख्याचीच आहे, शहराची नव्हे आणि आजच्या महाराष्ट्राचीही नव्हे. त्यातील एखादी जात आपल्याकडे दिसत नाही म्हणून ती नष्ट झाली असे म्हणण्याआधी, ती आपल्याकडे मुळात होती की नाही हे पाहावे लागते. याहून जुन्या संग्रहांत तर आणखी मौज असते. हूकर आणि थॉमसन या वनस्पतिशास्त्रज्ञांनी वाटलेल्या शीटवर ‘मलबार, कोकण इत्यादी, संग्राहक स्टॉक्स, लॉ इत्यादी’ असे छापील लेबल असते. कोणते कोकण, कोणता संग्राहक आणि ‘इत्यादी’त कोण कोण, हे शोधण्यात माणसाचा जन्म जावा.

स्थळाइतकीच तारीखही महत्त्वाची आहे. साहेबलोक महाबळेश्वरला उन्हाळ्यात जात आणि पावसाळा लागताच तेथून उतरत. पुन्हा पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात थोडी वर्दळ होई. त्यामुळे हौशी संग्राहकांचे तेथील नमुने एप्रिल-मे आणि ऑक्टोबर यांच्या आसपास दाटलेले दिसतात, आणि ऐन पावसाळ्यात, जेव्हा सह्याद्रीतील नेचे खरे तर सर्वांत भरात असतात, तेव्हा फारशी नोंदच नसते. खंडाळा आणि माथेरान येथून इतके नमुने का आहेत, तर भोर घाटातून रेल्वे १८६३ साली सुरू झाली आणि माथेरानची छोटी गाडी १९०७ साली. सकाळी मुंबईहून निघून संध्याकाळी वनस्पती दाबून वाळवण्याचा प्रेस भरून परत येता येत होते. जेथे गाडी जात नव्हती तेथील कित्येक डोंगर संग्रहांतून कोरेच राहिले.

यावरून विद्यार्थ्याला एक प्रश्न विचारा: आपण डिसेंबरात गेलात, तर त्या अकरा शीटवर कोणता महिना आहे? हंसराजासारखे भिंतींवरचे आणि दरडींवरचे कितीतरी नेचे डिसेंबरापर्यंत वाळून, झडून गेलेले असतात. ऑक्टोबरातील शीटची डिसेंबरातील डोंगराशी तुलना म्हणजे आषाढातल्या नदीचे पाणी फाल्गुनात मोजण्यासारखे आहे. महिना रोमन अंकांत लिहिलेला असेल, उदाहरणार्थ १२-X-१९१८ मधला X म्हणजे दहा, तर आपले नशीब चांगले. नाहीतर दिवस कोणता आणि महिना कोणता यात गोंधळ होतो. अशा वेळी त्याच संग्राहकाच्या आधीच्या-नंतरच्या क्रमांकांच्या शीट पाहून तारीख ठरवावी.

मूलक्षोड

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मी नावांच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण माझ्या अंदाजाने अकरांपैकी निदान काही नावे तेथेच गळतील.

सर्वांत सोपे उदाहरण अ‍ॅडियँटम लुन्युलेटमचे आहे. हे नाव १७६८ सालचे. त्याच वनस्पतीला लिनियसने १७५३ मध्येच अ‍ॅडियँटम फिलिपेन्स म्हटले होते. जुन्या नावाला अग्रमान असतो, म्हणून आज फिलिपेन्स हे नाव चालते. वनस्पती तीच, हंसराजच. येथे यादीत एका नावाच्या जागी दुसरे लिहिले की काम भागते. पॉलिपोडियम क्वर्सिफोलियम म्हणजे आपले बाशिंग. ते पुढे ड्रायनेरिया झाले आणि अलीकडे काही अभ्यासक त्याला अग्लेओमॉर्फात घालतात. तेही तसे निरुपद्रवी आहे, कारण बाशिंगाची तपकिरी, ओकच्या पानासारखी, देठ नसलेली घरट्याची पाने पाहून कोणी फसत नाही.

पण प्रत्येक वेळी असे होत नाही, आणि संगणकावरील समानार्थी नावांच्या यादीवर विसंबणारी मंडळी येथेच घसरतात. किलँथिस फॅरिनोसा घ्या. पानाच्या पाठीवर पांढरी भुकटी असलेला प्रत्येक नेचा जुने लोक या नावाखाली ठेवत. मूळ फॅरिनोसा हे नाव फोर्स्कॉलने येमेनमधील वनस्पतीला दिले होते, आणि आपल्याकडील बरेच नमुने आता अल्युरिटॉप्टेरिस बायकलर किंवा त्याच्या भावकीतील इतर जातींचे ठरतात. म्हणजे शीटवर एक नाव असले तरी कागदावर चिकटवलेली वनस्पती कोणती, हे भिंग घेऊनच पाहावे लागते.

नेफ्रोडियम मोल हे तर याहून बिकट आहे. एकोणिसाव्या शतकात नेफ्रोडियम ही एक मोठी कोठीच होती. मूत्रपिंडाच्या आकाराचे झाकण असलेले बीजाणुधानीपुंज, म्हणजे पानामागचे बीजाणूंच्या पिशव्यांचे झुबके, दिसले की नेचा तिच्यात टाकला जाई. आज तेथील जाती ड्रायॉप्टेरिस, क्रिस्टेला आणि इतर कितीतरी प्रजातींत (जीनसांत) विखुरल्या आहेत. ‘मोल’ नावाच्या भारतीय शीटवर बहुधा क्रिस्टेला डेंटाटा असते, पण क्रिस्टेला पॅरासिटिकाही असू शकते. दोहोंत फरक असा की, डेंटाटाच्या पानाच्या खालच्या भागातील पर्णिकांच्या जोड्या देठाकडे येता येता हळूहळू आखूड होत जातात. पॅरासिटिकात त्या फारशा आखूड होत नाहीत, आणि पानाच्या पाठीवर शिरांच्या कडेने नारिंगी-तांबड्या ग्रंथी दिसतात. संग्राहकाने पानाचा केवळ वरचा अर्धा भाग तोडून आणला असेल, आणि हौशी संग्राहक कागदाच्या मापात बसावे म्हणून नेमके हेच करीत, तर पहिली खूण गेलीच. मग ग्रंथींवर भिस्त ठेवायची. त्याही जुन्या नमुन्यांत कधी फिक्या पडलेल्या असतात. अशा शीटवर ‘क्रिस्टेला, जात अनिश्चित’ एवढेच लिहिणे प्रामाणिकपणाचे आहे. खोड आणि देठाचा तळ नसलेला नेचा ओळखायला सांगणे म्हणजे चेहरा झाकलेल्या माणसाची ओळखपरेड घेणे. माझ्या विद्यार्थ्यांना मी पहिल्याच दिवशी बजावतो की पान तोडू नका, सुरीने मूलक्षोडाचा, म्हणजे जमिनीलगतच्या खोडाचा, तुकडा घ्या आणि पान मोठे असेल तर दुमडा.

सुधारित नाव द्यायचे झाल्यास ते वेगळ्या छोट्या चिठ्ठीवर, आपले नाव आणि तारीख घालून, जुन्या लेबलाशेजारी चिकटवावे. आधीच्या कोणी अशी चिठ्ठी लावली असेल, तर तीही राहू द्यावी, मग ती चूक का असेना. एकाच शीटवर चार पिढ्यांच्या चार चिठ्ठ्या पाहिल्या की त्या नेच्याबद्दलचे मत कसे बदलत गेले ते एका नजरेत कळते.

कागद_आणि_कसर

मी वनस्पतिशास्त्रज्ञ नाही. जुन्या कागदांच्या जतनाचे काम करतो आणि त्यानिमित्ताने काही हर्बेरियममध्ये जाणे झाले आहे. मॅडमनी राखाडी डागांचा उल्लेख केला आहे, तो वाचून लिहितो आहे.

त्या काळी किडीपासून बचाव व्हावा म्हणून नमुने मर्क्युरिक क्लोराइडच्या अल्कोहोलातील द्रावणात बुडवण्याची किंवा त्यावर ते द्रावण ब्रशने लावण्याची सर्रास पद्धत होती. त्याचे काळसर-राखाडी डाग कागदावर, कधी नमुन्याभोवती सावलीसारखे, उमटतात. हे द्रव्य विषारी आहे आणि शंभर वर्षांनीही ते कागदातच असते. त्यातून पाऱ्याची वाफ थोडी थोडी सुटत राहते. म्हणून नायट्राइलचे हातमोजे, खिडक्या उघड्या असलेली खोली, आणि त्या टेबलावर चहा-डबा नाही, असा शिस्तीचा नियम ठेवावा. बंद कपाट उघडले की काही वेळ तेथून दूर व्हावे. मुलांकडून ही धूळ तोंडाने फुंकून घेण्याचा प्रकार तर अजिबात होऊ देऊ नये. मऊ ब्रशने ती हळूच एका कागदावर घ्यावी. नॅप्थलीनचा वास येत असेल, तर विषाचा वापर झाला नसेल असे समजू नये, कारण दोन्ही एकत्र वापरले जात.

जिवंत कीड असेल, म्हणजे बारीक गोल छिद्रे आणि ताजी भुकटी दिसत असेल, तर पुन्हा रसायन न वापरता गोठवण्याचा उपाय करावा. शीट प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ ते उणे २० अंश सेल्सिअसला एक-दोन आठवडे ठेवाव्यात. पिशवी फ्रीझरमधून काढल्यावर लगेच उघडू नये. आतील शीट खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबावे, नाहीतर आपल्याकडील दमट हवेतले पाणी थेट कागदावर बसते. यात घाई केल्याने एक चांगला संग्रह बुरशीला बळी पडलेला मी पाहिला आहे.

नव्या कागदावर उतरवण्याबाबत माझे मत ‘शक्यतो नको’ असे आहे. मूळ कागद फाटत नसेल, तर शीट आहे तशीच आम्लरहित कागदाच्या दुमडीत ठेवावी. सुटलेले तुकडे त्याच शीटवर लहान पाकीट चिकटवून त्यात जपावेत. गठ्ठ्याच्या तळाशी पडलेली अश्वपुच्छाची पेरे कोणत्या शीटची ते ठरत नसेल, तर ती अंदाजाने कोणत्याही शीटला जोडू नका. ‘तीन शीटपैकी एकीची’ असे लिहून वेगळी ठेवा. आणि या सर्वाआधी प्रत्येक शीटचे, पाठीसकट, छायाचित्र घ्या. पाठीवर पेन्सिलीने काय काय लिहिलेले सापडते, याची कल्पना येणार नाही.

मूलक्षोड

अश्वपुच्छाविषयी लिहायचे राहून गेले. एक्विसेटमच्या भारतीय जातींचे मुख्य घर हिमालय आहे. एक्विसेटम डिफ्यूझम तर हिमालयाचीच म्हणावी अशी. जुन्या लेबलांवर सर्वाधिक दिसते ती एक्विसेटम डेबिले. हे नाव वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने आपल्या हस्तलिखितात घातले होते आणि व्होशेने १८२२ साली ते प्रसिद्ध केले. आता तिला एक्विसेटम रॅमोसिसिमम या जातीची उपजाती मानतात, तेव्हा नाव वेगळे दिसले तरी दचकू नये. खोडाच्या शेंड्यावरील बीजाणूंच्या शंकूचे टोक टोकदार असेल, तर ती रॅमोसिसिममच्या गटातील. बोथट असेल, तर आर्व्हेन्स किंवा डिफ्यूझमच्या गटातील. शंकू नसेल, तर खोडाच्या एखाद्या सुट्या पेराचा तुकडा साबणाच्या पाण्यात उकळून मऊ करावा आणि त्वग्रंध्रे म्हणजे सालीवरील सूक्ष्म छिद्रे पाहावीत. पहिल्या गटात ती पृष्ठभागाखाली खोलगट बसलेली असतात, दुसऱ्यात पृष्ठभागाच्या पातळीवर. ही चाचणी तळाशी पडलेल्या तुकड्यांवरच करा, शीटवरील नमुना कापू नका. खोडात सिलिका असल्याने पाते लगेच बोथट होते, तेव्हा दोन-तीन ब्लेड जवळ असू द्या.

पण माझी खरी शंका वेगळी आहे. आपल्याकडच्या महाविद्यालयांत अश्वपुच्छ अभ्यासक्रमासाठी कुंडीत किंवा हौदाच्या कडेला मुद्दाम लावतात, आणि प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी तेथूनच तोडतात. तीन शीटचे लेबल पुन्हा एकदा वाचा. ‘पुणे’ एवढेच असेल, तर ती नदीकाठची वनस्पती होती की बागेतली, हे कळल्याशिवाय तिला नैसर्गिक प्रसाराच्या नकाशावर ठिपका देऊ नये.

घाटवाट

आणखी एक सुचवतो. हा संग्रह महाविद्यालयात राहिला, तर पुढच्या नूतनीकरणात तो भंगारात जाण्याची भीती आहे. पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र, आघारकर संशोधन संस्था, मुंबईच्या सेंट झेविअर्समधील ब्लॅटर हर्बेरियम किंवा कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ यांपैकी कोठेतरी तो सोपवावा. तेथे तुलनेसाठी त्याच काळातील शीट असतात, आणि आपल्या एखाद्या शीटची जुळी प्रतही निघू शकते, कारण संग्राहक एकाच झाडाचे तीन-चार नमुने करून वाटत असत. जुळ्या प्रतीवर कधी कधी आपल्या शीटवर नसलेला मजकूर असतो.

कागद_आणि_कसर

यावर माझा थोडा मतभेद आहे. संस्थेकडे सोपवणे योग्यच, पण मोठ्या संस्थांतही न नोंदवलेले गठ्ठे वर्षानुवर्षे पडून असतात. आधी स्वतः यादी आणि छायाचित्रे पूर्ण करावीत, क्रमांक घालावेत, आणि मगच लेखी पोच घेऊन द्यावे. यादी हाती नसताना दिलेला संग्रह परत शोधता येत नाही.

जुने_कपाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन आठवडे विद्यार्थ्यासह शीट एकेक करून, पाठपोट छायाचित्रे घेत पाहिल्या. जे हाती आले ते थोडक्यात लिहिते.

अकरांपैकी चार नावे निव्वळ बदललेली निघाली. त्या चारही जाती मुलाच्या यादीत नव्या नावांनी आहेत. तीन शीटवर पुढे ‘बॉम्बे प्रेसिडेन्सी’ एवढेच होते, पण कागद उजेडापुढे धरल्यावर लेबलाखाली दुसरे लेबल दिसले. कडेची सुटलेली बाजू अलगद उचलून वाचले, तर ‘गेरसप्पा घाट’. म्हणजे ती महाबळेश्वरची नव्हतीच. दोन शीट ‘मोल’ नावाच्या, वरचे अर्धे पान आणि खाली काही नाही. त्या ‘क्रिस्टेला, जात अनिश्चित’ म्हणून बाजूला ठेवल्या. या अकरांबाहेरच्या अश्वपुच्छाच्या तीनही शीटच्या पाठीवर पेन्सिलीने ‘कॉलेज गार्डन’ असे लिहिलेले सापडले, तेव्हा मूलक्षोड सरांची शंका अगदी नेमकी ठरली.

उरल्या दोन. त्यांपैकी एक हंसराजाच्या भावकीतील असून शीट ऑक्टोबरातली आहे, तेव्हा डिसेंबरात न दिसणे स्वाभाविक आहे. दुसरी ऑस्मुंडा रेगॅलिस म्हणून लिहिलेली आहे. लेबलावर ‘माल्कम पेठ, ओढ्याकाठी, ४२०० फूट, मे’ असे आहे. हिच्याबद्दल मात्र ऋतूचे कारण पुरेसे वाटत नाही, कारण ऑस्मुंडाचा बुंधा बहुवर्षायू आणि मोठा असतो व तो डिसेंबरातही ओढ्याकाठी दिसायला हवा.

मूलक्षोड

ऑस्मुंडाबद्दल आपले म्हणणे बरोबर आहे, आणि या सगळ्या संग्रहातली मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच शीट. ऑस्मुंडाच्या मुळांचा जाडजूड गुंता ऑर्किडच्या कुंड्यांत भरण्यासाठी जगभर खणून नेला जात असे, तेव्हा एखाद्या ओढ्यावरून ती खरोखर गेली असणे शक्य आहे. नावातील ‘रेगॅलिस’ युरोपातील वनस्पतीवरून आले आहे, त्यामुळे जात कोणती ते पुन्हा तपासावे. प्रजातीविषयी मात्र शंका नसावी. तिचे बीजाणू हिरवे आणि अल्पायुषी असतात, म्हणून इतर काही नेच्यांप्रमाणे शीटवरील बीजाणू रुजवून पाहण्याचा मार्ग येथे बंद आहे. ओढ्यावर जाऊनच पाहावे लागेल. ४२०० फूट म्हणजे सुमारे १२८० मीटर. गावापेक्षा थोडे खालचे, पाणी वर्षभर टिकणारे ओढे नकाशावर आधी काढून घ्या.

जुने_कपाट

असे तीन ओढे नकाशावर मिळाले आहेत. मुलाने शोधनिबंधाचे शीर्षक खोडून टाकले आहे आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातील एस.टी.चे आरक्षण केले आहे.